शोकांतिकेच्या मागावर सिसिलीत

मे महिन्याच्या शेवटी मावशी आणि मी सिसिलीला जाऊन आलो. मावशी सांगलीची. शाळेत मराठी शिकवता शिकवता तिने हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलं. राज्य नाट्य स्पर्धेत कधी नटी, कधी प्रॉम्प्टर, कधी वेशभूषा सांभाळणारी. मी म्युनिकला असते. ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आल्प्स आणि राजवाड्यांची यादी तिने बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला ग्रीक नाटक ग्रीक थिएटरात बसून बघायचंय. बाकी तू ठरव."

मी सिसिली ठरवली. एक कारण सरळ आहे: सिराकुसातल्या प्राचीन थिएटरात दर वर्षी मे-जूनमध्ये ग्रीक नाटकांचा हंगाम होतो आणि ही परंपरा 1914 साली 'अगामेम्नॉन'च्या प्रयोगाने सुरू झाली आहे. दुसरं कारण माझ्या डोक्यात बरीच वर्षं घर करून होतं. ही नाटकं अथेन्सच्या लोकांनी अथेन्सच्या उत्सवासाठी लिहिली. मग ती परक्यांनी, प्रसंगी शत्रूंनी, इतकी आपलीशी का केली? सिसिलीत या प्रश्नाची उत्तरं जागोजाग दगडात, मातीत आणि माणसांत सापडतात.

पालेर्मो आणि सेजेस्ता

पालेर्मोला संध्याकाळी उतरलो. विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. पहिलं जेवण मात्र सांगायलाच हवं: बाजारातल्या एका गाडीवर 'पानेल्ले' मिळाले. चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवून, थापून, वड्या कापून तळतात आणि तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळतात. वडापावाचा समुद्रापलीकडचा चुलतभाऊच. मावशी शाकाहारी, त्यामुळे तिची काळजी पहिल्याच रात्री मिटली. (शाकाहारी मंडळींसाठी: पानेल्ले, वांग्याची कापोनाता आणि तळलेलं वांगं घातलेला पास्ता 'आल्ला नोर्मा' हे तीन शब्द पाठ करा. बेटावर कुठेही उपाशी राहणार नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सेजेस्ता. दरीच्या कडेला एक अपुरं राहिलेलं डोरिक देऊळ उभं आहे. खांबांवर पन्हळी कोरायच्या राहून गेल्या, छप्परही नाही. सगळे फोटो त्याचेच काढतात. थिएटर पाहायला मात्र मोन्ते बार्बारो या डोंगरावर चढून जावं लागतं. वर छोटी बस जाते. आम्ही जाताना बस घेतली आणि येताना चालत उतरलो, रानबडीशेपेच्या वासातून. ऊन असलं तरी वर वारा इतका होता की मावशीने पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला.

सेजेस्ता हे ग्रीकांचं शहर नव्हतं. इथले लोक एलिमियन. आपण ट्रॉयमधून पळून आलेल्यांचे वंशज आहोत, असं ते सांगत. तरीही त्यांनी देऊळ बांधलं ते ग्रीक पद्धतीचं आणि थिएटर खोदलं तेही ग्रीकच. याच सेजेस्ताच्या दूतांनी अथेन्सला जाऊन शेजाऱ्यांविरुद्ध मदत मागितली आणि त्यातून इ.स.पू. 415 ची सिसिलीवरची स्वारी निघाली. अथेन्सचा सत्यानाश करणारी हीच ती स्वारी. आणि त्याच वर्षीच्या वसंतात अथेन्समध्ये युरिपिडीसने 'ट्रोजन स्त्रिया' रंगमंचावर आणलं होतं: पडलेलं शहर, मारलेले पुरुष आणि गुलाम म्हणून वाटून घेतल्या जाणाऱ्या बायका.

थिएटर या घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी बांधलेलं. मी वरच्या ओळीत बसून तोच विचार करत होते. ग्रीकांसाठी ट्रॉय म्हणजे जिंकलेलं शहर. इथे बसणाऱ्यांसाठी ट्रॉय म्हणजे आजोळ. ट्रॉयची राणी हेकुबे हिचा त्या नाटकातला विलाप ऐकताना या पायऱ्यांवर कोणाच्या डोळ्यांत पाणी कशासाठी आलं असतं?

मावशीचं लक्ष दुसरीकडे होतं. समोर डोंगररांगा आणि त्यांच्या पलीकडे निळा समुद्र असं दृश्य आहे, आणि लोक मुख्यतः ते बघायलाच वर येतात. तिने रंगपीठामागचा पाया पायाने मोजला आणि विचारलं, "अगं, इथे मागे भिंत होती ना? मग हा समुद्र त्यांना कुठून दिसणार?" ती बरोबर होती. मागे दुमजली रंगमंदिर उभं होतं. खालच्या प्रेक्षकांसमोर समुद्र नव्हता, नट होते.

सेजेस्ताला जाताना पाणी आणि टोपी न्या. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर चालकालाच विचारून घ्या. रविवारी बस फारच कमी असतात.

लिपारी

मिलाझोहून हायड्रोफॉइलने तासाभरात लिपारी. हे बेट वाटेत ठेवायचं की नाही यावर आमचं थोडं वाजलं, कारण इथे प्राचीन थिएटर बघायला मिळत नाही. मी हट्टाने नेलं ते किल्ल्यावरच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी.

लुईजी बेर्नाबो ब्रेआ या पुरातत्त्वज्ञाने आणि मादलेन काव्हालिए यांनी इथल्या जुन्या ग्रीक दफनभूमीचं उत्खनन केलं. थडग्यांत आणि आसपासच्या खड्ड्यांत त्यांना भाजक्या मातीचे नाटकातले मुखवटे सापडले. शेकड्यांनी. तळहातावर मावतील एवढे. घालायचे नव्हेत, खऱ्या मुखवट्यांच्या या छोट्या प्रतिकृती. जुने मुखवटे शोकांतिकेचे आहेत आणि सॉफोक्लीस व युरिपिडीसच्या नाटकांतल्या पात्रांशी त्यांचा मेळ घातला गेला आहे. नंतरचे मुखवटे विनोदी नाटककार मेनांडरच्या काळातल्या सुखांतिकांचे: कपाळावर आठ्या घातलेला बाप, खुशालचेंडू मुलगा, तोंड वेंगाडणारा नोकर.

मावशी एका कपाटासमोर कितीतरी वेळ उभी होती. आत एका म्हाताऱ्याचा मुखवटा होता. तोंड उघडं, खालचा ओठ थोडा सुटलेला, भुवया मधोमध वर चढलेल्या. एका बाजूला पुसट लाल रंग अजून शिल्लक. ती म्हणाली, "हे ज्याने केलंय ना, त्याने प्रयोग पाहिलेत. नुसतं ऐकून असं तोंड करता येत नाही."

नाटक हा डायोनिसस या देवाचा उत्सव आणि डायोनिससशी मरणानंतरच्या जगण्याची आशाही जोडलेली, म्हणून हे मुखवटे मेलेल्या माणसाबरोबर जात असावेत. पण मला त्यात आणखी काही दिसलं. एवढंसं बेट, समुद्रात चाच्यांशी झुंजणारे लोक, आणि आपलं माणूस पुरताना त्याच्या उशाशी ते नाटकातलं पात्र ठेवतात. इ.स.पू. 252 च्या सुमारास रोमनांनी लिपारी लुटलं, शहर उद्ध्वस्त झालं आणि ही परंपरा तिथेच तुटली. त्यामुळे मुखवट्यांचा काळही नेमका ठरवता येतो.

दुपारपासून वारा वाढला आणि संध्याकाळच्या बोटी रद्द झाल्या. एक रात्र जास्तीची राहिलो. घरमालकीण बाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी खारवलेल्या केपरच्या कळ्या, टोमॅटो आणि कांदा घालून कडक पाव भिजवून दिला आणि वर माल्वाझिया वाइन. मावशीने केपर चाखून "करवंदाच्या लोणच्याच्या वाटेवर आहे" असा निकाल दिला. एओलियन बेटांवर जाणाऱ्यांनी परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. समुद्र वेळापत्रक मानत नाही.

सिराकुसा: थिएटर आणि खाणी

सिराकुसात आम्ही ऑर्तिजियात उतरलो, म्हणजे जुन्या शहराच्या बेटावर. नेआपोलिसचा पुरातत्त्व परिसर तिथून चालत अर्ध्या तासावर आहे. सकाळी दारं उघडल्याबरोबर आत जा, कारण दहानंतर पांढरा चुनखडीचा दगड अक्षरशः भाजतो.

थिएटर एकसंध खडकात कोरलेलं आहे. व्यास सुमारे 138 मीटर. मूळच्या 67 ओळींपैकी वरच्या गेल्या. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्यकर्त्यांनी ऑर्तिजियाची तटबंदी बांधायला इथले दगड नेले. आज दिसतं ते रूप मुख्यतः इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या दुसऱ्या हिएरॉन या सिराकुसाच्या राजाचं. मधल्या मार्गाच्या भिंतीवर त्याचं, त्याच्या राणीचं, फिलिस्तिसचं, आणि सुनेचं, नेरेइसचं, नाव कोरलेलं आहे. हंगामात पायऱ्यांवर लाकडी बाकं चढवलेली असतात, त्यामुळे उघडा दगड बघायचा असेल तर हंगामाबाहेर यावं लागेल.

'अगामेम्नॉन' लिहिणारा अथेन्सचा नाटककार एस्किलस मात्र पहिल्या हिएरॉनच्या काळात सिराकुसात आला, त्याच्या दोनशे वर्षं आधी. त्याचं 'पर्शियन्स' अथेन्समध्ये इ.स.पू. 472 साली झालं. निर्मितीचा खर्च उचलणारा होता तरुण पेरिक्लीस. सलामिसच्या आरमारी लढाईत ग्रीकांकडून हरलेल्या पर्शियन दरबारातला आकांत हा त्याचा विषय. लढाईला आठ वर्षंच झाली होती आणि प्रेक्षकांतले कितीतरी जण स्वतः वल्ही मारून आलेले. काही काळाने हिएरॉनच्या बोलावण्यावरून एस्किलसने हेच नाटक सिराकुसात केलं.

इथला प्रेक्षक सलामिसला नव्हता. मग त्याला यात काय मिळालं? मिळालं, आणि भरपूर. हिएरॉनचा भाऊ गेलॉन याने इ.स.पू. 480 मध्ये हिमेराला कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला होता, आणि तो सलामिसच्याच दिवशी झाला असं सिसिलीत सांगत, हे इतिहासकार हेरोडोटसने नोंदवलंय. खुद्द हिएरॉनने 474 मध्ये कुमीजवळ एट्रुस्कन आरमार बुडवलं. म्हणजे सिराकुसाच्या माणसाने रंगमंचावरचा हरलेला पर्शियन राजा झर्क्सीस पाहिला, तेव्हा त्याच्या मनात कार्थेजची जहाजं जळत होती. नाटककाराने लिहिलं एका शहरासाठी, आणि दुसऱ्या शहराने त्यात आपली लढाई भरली. राजालाही ते हवंच होतं.

थिएटरच्या शेजारीच 'लातोमिया देल पारादिझो' ही जुनी दगडखाण आहे. आता तिच्यात लिंबू-संत्र्याची झाडं आहेत, गारवा आहे, आणि 'डायोनिसियसचा कान' नावाची उंच, वळत जाणारी गुहा आहे. हे नाव 1608 मध्ये चित्रकार काराव्हाज्जोने ठेवलं असं सांगतात. ज्या डायोनिसियसचं नाव तिला मिळालं, त्या जुलमी राजाला स्वतःला शोकांतिका लिहायचा ध्यास होता. अथेन्सच्या लेनाइया उत्सवात इ.स.पू. 367 मध्ये त्याला अखेर पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी तो मेला.

पण मला बघायची होती ती दुसरी खाण, कपुचिनी मठाजवळची. अथेन्सचे युद्धकैदी बहुधा इथेच ठेवले होते. आत उतरता आलं नाही. वरून कठड्याला टेकून पाहिली. सरळ तुटलेले उंच कडे, तळाशी झाडोरा.

इ.स.पू. 413. अथेन्सची ती स्वारी इथे सिराकुसापाशी पुरती बुडालेली. निदान 7000 कैदी खाणीत कोंडलेले. अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो त्याप्रमाणे वर छप्पर नाही, दिवसा ऊन, शरदातल्या रात्री थंड, मेलेल्यांचे ढीग तिथेच, आणि आठ महिने माणशी रोज पाव लिटरभर पाणी आणि त्याच्या दुप्पट धान्य. मी हे वाचून दाखवत होते आणि मावशी खाली बघत होती. हातातली पाण्याची बाटली तिने पिशवीत ठेवून दिली.

चरित्रकार प्लुटार्कने पुढे सुमारे पाचशे वर्षांनी निकिआस या अथेन्सच्या सेनापतीच्या चरित्रात जी आठवण नोंदवली, ती याच कैद्यांची. सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसचं वेड होतं. आल्यागेल्याकडून त्याच्या ओळी मिळवायच्या आणि एकमेकांना द्यायच्या. त्यामुळे घरी परतलेले काही अथेन्सवासी युरिपिडीसला भेटून त्याचे आभार मानू लागले. कोणाला त्याच्या ओळी मालकाला शिकवल्याबद्दल गुलामीतून सोडलं होतं. कोणी लढाईनंतर रानोमाळ भटकत असताना त्याची पदं गाऊन अन्नपाणी मिळवलं होतं. प्लुटार्क आणखी एक सांगतो: आशिया मायनरमधल्या कौनोसचं एक जहाज, मागे चाचे लागलेले. सिराकुसावाले बंदरात घेईनात. मग विचारलं, युरिपिडीसची पदं येतात का? येतात म्हटल्यावर आत घेतलं.

ज्या युरिपिडीसला अथेन्सच्या परीक्षकांनी हयातीत फक्त चार वेळा पहिलं बक्षीस दिलं, त्याच्यासाठी शत्रूच्या गावात माणूस सोडत होते! आणि त्या वेळी तिथे संहिता नव्हती, नेपथ्य नव्हतं, मुखवटा नव्हता. होतं ते एका उपाशी शिपायाचं पाठांतर. मला वाटतं नाटक खरं पसरलं ते असं. अथेन्सच्या आरमाराने ते नेलं नाही. आरमार तर इथे बुडालं.

मावशीने बराच वेळाने विचारलं, "कोरसमध्ये काम केलेली पोरं असतील का गं त्यात?" असणारच. अथेन्समध्ये कोरस गाव-वस्तीतल्या नागरिकांचाच असे, धंदेवाईक नटांचा नव्हे. दर वर्षी शेकडो जण तालमी करून नाचत-गात. त्यामुळे ओळी हजारो घरांत पोहोचलेल्या होत्या.

सिराकुसा: ईडिपस, दोनदा

दुपारी पाओलो ओर्सी संग्रहालय. प्रचंड आहे. सगळं बघायला गेलात तर पाय आणि डोळे दोन्ही थकतील, तेव्हा एक वस्तू ठरवून जा. आमची वस्तू होती सिराकुसातच सापडलेलं मातीचं एक मोठं पात्र, वाइन आणि पाणी मिसळायचं, इ.स.पू. 330 च्या आसपासचं.

त्यावर चार खांबांच्या पुढे रंगमंच आहे. डावीकडे एक पांढऱ्या केसांचा म्हातारा, आखूड अंगरखा, उंच बूट, हातात काठी. तो आपल्याकडे तोंड करून सांगतोय. मधे दाढीला हात लावून ऐकणारा ईडिपस. शेजारी योकास्ता, त्याची राणी आणि, त्याला ठाऊक नसलेली, त्याची आई; तिने अंगावरच्या वस्त्राचा काठ उचलून गालापर्यंत आणलाय. म्हणजे कॉरिंथहून आलेला माणूस बोलतोय तो क्षण. ईडिपसला अजून काही कळलेलं नाही. तिला कळलंय. चित्रकाराने सगळं नाटक त्या एका हाताच्या हालचालीत पकडलं आहे.

आणि त्याने दोन लहान मुलीही काढल्या आहेत, एक बापापुढे, एक आईबापांच्या मधे. सॉफोक्लीसच्या संहितेत मुली अगदी शेवटी येतात, या प्रवेशात नाहीत. मी हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, "दिग्दर्शकाने आणल्या असतील. मी असते तर आणल्याच असत्या. बाई बोलत नाही, पोरींकडे बघते, संपलं." अथेन्समधल्या पहिल्या प्रयोगानंतर शंभर वर्षांनी, समुद्रापार, कोणीतरी नाटक असं नव्याने बसवत होतं, हे तिला त्या भांड्यावर स्वच्छ दिसलं. मीही तेव्हापासून त्या भांड्याकडे तसंच बघते.

संध्याकाळी प्रयोग. 2025 च्या हंगामातलं 'ईडिपस कोलोनसमध्ये', दिग्दर्शक रॉबर्ट कार्सन. पायऱ्यापायऱ्यांचा हिरवा उतार आणि त्यावर सरूची झाडं. प्रयोग इटालियनमध्ये. आम्ही संहिता आधी वाचून गेलो होतो, त्यामुळे अडलं नाही.

आंधळा, म्हातारा ईडिपस मुलीचा हात धरून परक्या गावात येतो आणि नकळत पवित्र राईत बसतो. गावकरी गोळा होतात, विचारतात: कोण तू? कुठला? बाप कोण? नाव कळल्यावर सगळे हादरतात. जा म्हणतात. शेवटी अथेन्सचा राजा थेसिअस त्याला आसरा देतो. सॉफोक्लीसने हे नव्वदीच्या घरात लिहिलं. कोलोनस त्याचं स्वतःचं गाव. तो गेल्यावर, इ.स.पू. 401 मध्ये, नातवाने ते रंगमंचावर आणलं. मधल्या काळात अथेन्स युद्ध हरलं होतं.

माझ्या शेजारी औगुस्ताहून आलेल्या एक नर्सबाई होत्या. औगुस्ता हे इथून जवळचं बंदर. समुद्रातून वाचवलेल्या निर्वासितांना घेऊन जहाजं तिथे लागतात. गावकरी ईडिपसला प्रश्न विचारत होते तेव्हा त्या पुढे वाकून बसल्या होत्या. प्रयोगानंतर त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. म्हणाल्या, "धक्क्यावर पहिले हेच प्रश्न असतात. नाव काय, कुठून आलास, बरोबर कोण. मी फॉर्म भरते." थिएटरात हजारो माणसं होती, पण त्या प्रवेशात जी शांतता पडली ती नुसत्या शिस्तीची नव्हती. सिसिलीच्या प्रेक्षकाला या नाटकात आज स्वतःचा धक्का दिसतोय, जसा कधीकाळी त्याच गावाला 'पर्शियन्स'मध्ये हिमेरा दिसला.

मावशीला भाषा कळत नव्हती, पण तिचे हात मांडीवर चालू होते. कोरसच्या पावलांबरोबर ती मात्रा मोजत होती.

प्रयोगासाठी: संध्याकाळी ऊन असतं तेव्हा टोपी, अंधार पडल्यावर गार वारा सुटतो तेव्हा शाल; दोन्ही लागतात. बसायला उशी घ्याच. मधल्या भागाची तिकिटं महाग, पण बाजूच्या स्वस्त जागांवरूनही ऐकू उत्तम येतं. नाटकं आळीपाळीने होतात, म्हणून तारीख नीट बघून घ्या.

पालाझ्झोलो आक्रेइदे

डोंगरातलं हे गाव बसने तासाभरावर. सिराकुसाने इथे आक्राई नावाची वसाहत वसवली होती आणि तिचं छोटंसं थिएटर शिल्लक आहे. 1991 पासून इथे तरुणांचा अभिजात नाट्यमहोत्सव भरतो. इटलीतल्या आणि बाहेरच्या शाळा आपापली नाटकं घेऊन येतात.

आम्ही गेलो तेव्हा एका शाळेचं 'मेडिया' चालू होतं. कोरसमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, पायात साधे कॅनव्हासचे बूट, अंगावर चादरी शिवून केलेले झगे. पायऱ्यांवर बसलेला प्रेक्षक म्हणजे इतर शाळांची मुलं, आपली बारी यायची वाट बघणारी. ती गप्प बसत नव्हती. मेडियाला सोडून दिलेला नवरा जेसन आपली बाजू मांडायला लागल्यावर मुलींच्या एका गटाने हुर्यो केली. मेडियाने उत्तर दिलं तेव्हा टाळ्या. आणि ती स्वतःच्या मुलांना मारायला घेऊन आत गेली तेव्हा सगळा कोलाहल एकदम थांबला.

मावशीला सगळ्यात जास्त हे आवडलं. मधल्या सुट्टीत तिने विंगेत (म्हणजे एका झाडामागे) घाबरून उभ्या असलेल्या एका मुलीच्या झग्याची सुटलेली शिवण आपल्या पर्समधल्या सेफ्टी पिनने लावून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलगी "ग्रात्सिए, सिन्योरा" म्हणत पळाली आणि पुढच्या प्रवेशात दूताचं लांबलचक भाषण न अडखळता म्हणाली. मावशी ओठ हलवत प्रॉम्प्टिंग करत होती, कुठल्या संहितेचं कोण जाणे.

महोत्सवाचे प्रयोग सकाळी आणि दुपारी असतात. गावातून थिएटरपर्यंत चढ आहे. ज्येष्ठांनी वर टॅक्सीने जावं.

गेला

दक्षिण किनाऱ्यावरच्या गेलाला पर्यटक फारसे जात नाहीत. बंद पडलेल्या तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या आणि अर्धवट इमारती. आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो ते एस्किलस इथे वारला म्हणून, इ.स.पू. 456 च्या सुमारास. गरुडाने टकलावर कासव टाकल्यामुळे तो मेला, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. मला त्याच्या थडग्यावरच्या ओळी जास्त जवळच्या वाटतात: त्यांत त्याच्या नाटकांचा उल्लेखही नाही; गव्हाने भरलेल्या गेलाचा आहे आणि मॅरेथॉनच्या रणात त्याने गाजवलेल्या शौर्याचा. पण त्याच्या जुन्या चरित्रात लिहिलंय की शोकांतिकेवर पोट असलेले लोक त्या थडग्यापाशी येऊन पूजा करत आणि नाटकं सादर करत. अथेन्सनेही ठराव केला की एस्किलसचं नाटक पुन्हा करू पाहणाऱ्याला सरकार कोरस देईल. थडग्याची जागा आज सापडत नाही. कापो सोप्रानोला कच्च्या विटांची ग्रीक तटबंदी मात्र वाळूखाली राहिल्यामुळे टिकली आहे, तीही फार सुंदर. बघा आणि पुढे निघा.

कातानिया, 2 जून

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. गच्चीवर बदामाचा ग्रानिता आणि ब्रिओश घेऊन बसलो होतो. दुपार व्हायच्या आत एट्ना ज्वालामुखीच्या आग्नेय विवराचा काही भाग ढासळला आणि राखेचा प्रचंड करडा लोट आकाशात चढला. डोंगरावरचे पर्यटक धावत खाली आले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. गल्लीतले लोक दारात आले, वर पाहिलं, फोन काढले आणि पुन्हा कामाला लागले. शेजारच्या आजीने वाळत घातलेले कपडे मात्र लगबगीने आत घेतले.

याच शहराचं नाव काही वर्षं एट्ना होतं. इ.स.पू. 476 च्या सुमारास हिएरॉनने इथले मूळ रहिवासी लिओन्तिनीला हुसकावले आणि दहा हजार नवे लोक आणून बसवले. त्या नव्या शहराला शुभशकुन म्हणून एस्किलसने 'एट्नाच्या स्त्रिया' हे नाटक लिहिलं. दुसऱ्यांच्या घरांत नुकत्याच राहायला आलेल्या माणसांसाठी आशीर्वादाचं नाटक! मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणि ज्यांना हुसकावलं त्यांच्यासाठी कोणी लिहिलं?" हिएरॉन मेला, काही वर्षांत जुने लोक परत आले, नव्यांना जावं लागलं, शहराचं नाव पुन्हा कातानेच झालं. नाटकही हरवलं, आज त्याचे थोडे तुकडेच हाती आहेत. 'पर्शियन्स' मात्र उरलं, ज्यात जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांचं रडणं ऐकलं.

विमानतळ चालू राहिला आणि आमचं विमान वेळेवर सुटलं. एट्ना जागा असेल तर कातानियाची उड्डाणं अचानक बंद होऊ शकतात, म्हणून पालेर्मोचा पर्याय डोक्यात ठेवा.

जाणार असाल तर आधी नाटकांच्या तारखा बघा आणि विमानाची तिकिटं नंतर काढा. आणि तीन नाटकं वाचून जा: 'पर्शियन्स', 'ट्रोजन स्त्रिया' आणि ईडिपसचं पहिलं. ते मराठीत पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' नावाने आणलं आहे. मावशी आता मागे लागली आहे की त्यातला कॉरिंथच्या दूताचा प्रवेश सांगलीच्या मुलींकडून करून घ्यायचा, योकास्ताशेजारी दोन लहान पोरी उभ्या करून.